दोन नार्वे, एक देव : मांडवीतली बेटं आणि आपण

गेल्या पावसाळ्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत मी 'नदीतली बेटं' या विषयावर अर्धा तास बोललो होतो. बोलण्याच्या ओघात मी ठासून एक वाक्य टाकलं. "शिवाजी महाराजांनी दिवाडी बेटावरच्या सप्तकोटीश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला." सगळ्यांनी माना डोलावल्या, कोणीही हरकत घेतली नाही. वाक्य चुकीचं होतं. ते दुरुस्त करावं म्हणून हा लेख लिहायला घेतला आणि मग तो लांबतच गेला, कारण चूक नेमकी कुठे झाली हे शोधताना आपल्या खानापूर तालुक्यापासून मांडवीच्या मुखापर्यंत जावं लागलं.

आधी पाण्याचं बघू. आमच्या खासबागेत पडलेला पाऊस बळ्ळारी नाल्यात जातो. शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांना हा नाला काय चीज आहे ते सांगायला नको, दरवर्षी भातात पाणी शिरतंच. नाल्याचं पाणी पुढे मार्कंडेयात, मार्कंडेय घटप्रभेत, घटप्रभा कृष्णेत. म्हणजे खासबागचं पाणी बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतं. पण जांबोटीच्या रस्त्यानं ४५-५० किलोमीटर गेलात की कणकुंबी येतं. तिथे माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघते. त्याच डोंगररांगेत, भीमगडच्या रानातल्या देगावजवळ म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला निघते. हीच पुढे गोव्यात मांडवी होते. जवळजवळ एकाच ठिकाणचा पाऊस, एक धार कृष्णेतल्या बेटांना वळसा घालते आणि दुसरी दिवाडी-चोडणला.

इथेच एक सावधगिरीची सूचना. खानापूर-कित्तूर भागात देगाव दोन आहेत. एक म्हादईच्या उगमाचं, रानातलं. दुसरं कित्तूरजवळचं, जिथे कमलनारायणाचं सुंदर देऊळ आहे. या दोन देगावांचा घोळ मी अनेकांच्या लेखांत पाहिलाय. नार्व्याच्या बाबतीत मीही नेमका तोच घोळ केला.

आता शब्दांबद्दल थोडं, कारण सीमेवरच्या माणसाला शब्दांची गंमत जास्त कळते. मराठीत 'बेट'. बांबूचंही बेट असतं आणि नदीतलंही. कानडीत 'बेट्ट' म्हणजे डोंगर. लहानपणी शेजारच्या कानडी आजींनी 'बेट्टद मेले' म्हटलं की मला पाण्यातली जमीन दिसायची. नदीतल्या बेटाला कानडीत 'नडुगड्डे' म्हणतात, मधला गड्डा. जुना शब्द 'कुरुव'. श्रीपाद श्रीवल्लभांचं कुरवपूर कृष्णेच्या पात्रात आहे हे दत्तभक्तांना ठाऊक असतं, पण नावातच बेट आहे याकडे लक्ष जात नाही. कोकणीत 'जुवें'. कुंभारजुवे म्हणजे कुंभारांचं बेट. संभाजी महाराजांच्या स्वारीत येणारं जुवे म्हणजे नुसतं 'बेट'च, पोर्तुगीजांनी त्याला सांत इस्तेव्ह नाव दिलं.

आणि गोव्याची जुनी राजधानीही बेटावरच होती. तिसवाडी हा भाग मांडवी, जुवारी आणि त्या दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा यांनी चारी बाजूंनी वेढलेला आहे. पोर्तुगीज त्या तालुक्याला 'इल्हास' म्हणायचे, म्हणजे सरळ 'बेटं'. आपण पणजीला जातो तेव्हा बेटावर जातो हे पुलांमुळे जाणवत नाही इतकंच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गोव्याच्या कदंब राजांचं दैवत सप्तकोटीश्वर. हे कदंब आपल्याला परके नाहीत. हलशी ही त्यांची दुसरी राजधानी. हलशीच्या नरसिंहाच्या देवळात बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला कदंबांचा शिलालेख आहे. शिवचित्त पेर्माडी हा त्या काळचा राजा. कित्तूरजवळच्या देगावचं कमलनारायण देऊळ त्याच्या राणीनं, कमलादेवीनं बांधवलं. या राजांच्या बिरुदावलीत आणि सोन्याच्या नाण्यांवर एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते, सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादानं राज्य मिळाल्याची. नाण्यावर सिंह आणि लेखात सप्तकोटीश्वर. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर राज्य करणारे राजे नाव घेत होते ते घाटाखाली, मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या देवाचं. त्या बेटावर नार्वे नावाची वस्ती, तिथे हा देव.

बेटावर देव का ठेवला असेल? भाविक सांगतील, पवित्र जागा. ते आहेच. पण मला वाटतं व्यापाराचाही हिशोब होता. गोपकपट्टण, म्हणजे गोवा वेल्हा, हे कदंबांचं बंदर जुवारीवर. आतल्या भागात जाणारा माल मांडवीतून वर चढायचा आणि पुढे घाट चढून आपल्याकडे यायचा. दिवाडी त्या पाणवाटेवरच आहे. राजाचं दैवत व्यापाराच्या वाटेवर असणं ही त्या काळात नवलाची गोष्ट नव्हती.

चौदाव्या शतकात बहमनी फौजा गोव्यात आल्या आणि देऊळ पडलं. विजयनगरच्या माधव मंत्र्यानं शतकाच्या अखेरीस ते पुन्हा उभं केलं. मग १५१० मध्ये अल्बुकर्कनं गोवा घेतला आणि १५४० च्या सुमारास तिसवाडी आणि आसपासच्या बेटांवरची देवळं पाडली गेली, त्यात हेही. लिंग विहिरीवर पाणी ओढण्यासाठी वापरलं गेलं. हे लिंग साधं गुळगुळीत नाही, त्याला पैलू आहेत, धारालिंग म्हणतात. दोराला धरायला पैलूदार दगड बरा पडला असेल, असा एक कोरडा विचार ते बघताना माझ्या मनात आला, आणि लगेच वाईटही वाटलं.

तिथून ते लिंग रात्री नदीपार नेलं गेलं. परंपरेनं हे काम नारायण सूर्यराव सरदेसाई यांच्या नावावर आहे. पलीकडचा काठ म्हणजे डिचोलीचा भाग, तो पोर्तुगीजांकडे नव्हता. तिथे हिंदळे नावाच्या जागी देव बसवला. आणि मग जे आपल्याकडे नेहमी होतं तेच झालं. देव आला म्हणून गावाला देवाच्या जुन्या गावाचं नाव मिळालं. हिंदळ्याचं नार्वे झालं. तेव्हापासून मांडवीच्या दोन काठांवर दोन नार्वे आहेत, एक बेटावरचं आणि एक डिचोलीकडचं. दोघांच्या मध्ये फेरीबोट.

शिवाजी महाराजांनी जे देऊळ बांधायला लावलं ते दुसऱ्या नार्व्यातलं. दारावरच्या दगडात लेख आहे. शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, म्हणजे इसवी सन १६६८ चा नोव्हेंबर, शिवराजांच्या आज्ञेनं देवालयाचा आरंभ, एवढाच मजकूर. लेखात बेटाचा उल्लेखही नाही. मी मात्र 'सप्तकोटीश्वर-दिवाडी' आणि 'सप्तकोटीश्वर-शिवाजी महाराज' या दोन खऱ्या गोष्टी जोडून तिसरी खोटी गोष्ट तयार केली.

ही चूक मला कळली तीही जागेवर गेल्यावरच. जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं आम्ही दिवाडीला उतरलो. आमच्याबरोबर माझे मावसभाऊ होते, निपाणीचे, निवृत्त शिक्षक, प्रत्येक गोष्टीला "पुरावा काय?" विचारणारे. बेट ओलांडून नार्व्याच्या टोकाला गेलो. एका घराच्या पडवीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी विचारलं, "काका, महाराजांचं सप्तकोटीश्वराचं देऊळ कुठं आलं हो?"

त्यांनी हातानं नदीच्या पलीकडे दाखवलं. म्हणाले, "देव तिकडे. इकडे फक्त तळी आहे."

मावसभावानं माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही, पण ते न बोलणंच पुरेसं होतं.

ती तळी, कोटीतीर्थ, बघण्यासारखी आहे. जांभ्या दगडाचं बांधीव तळं, बाजूच्या भिंतीत कोनाडे. देऊळ असं काही उरलेलं नाही. बेटावर टेकडीवरच्या पिएदाद चर्चच्या दफनभूमीत कदंबकालीन कोरीवकामाचा एक छोटा अवशेष आहे, तोही बघून घ्यावा. मग नार्व्याची बोट पकडून पलीकडे जावं. पायी माणसाला तिकीट नाही. मधलं पाणी पार करायला काही मिनिटं लागतात. तेवढ्या पाण्याच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा, असं दोनशेहून अधिक वर्षं होतं. डिचोली पोर्तुगीजांकडे गेली ती थेट १७८१ च्या सुमारास.

हे देऊळ गोवा सरकारनं अलीकडे दुरुस्त केलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. घुमट, दीपमाळ, अष्टकोनी शिखर. गोव्यातल्या नंतरच्या देवळांची सगळी ठेवण इथे आधीच दिसते. गोकुळाष्टमीला इथे नदीत स्नानासाठी लोक येतात. शंकराचा देव आणि जत्रा कृष्णजन्माची, हेही बघा.

आता बेटांच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. बेट म्हणजे सुरक्षित जागा असं आपण धरून चालतो. चारी बाजूंनी पाणी, शत्रू येणार कुठून? गोव्याच्या इतिहासात याचं उत्तर जुवे बेटावर मिळतं. १६८३ च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज व्हिसेरेई कोंद द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला आणि हात हलवत परतला. लगेच २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठे ओहोटीची वेळ साधून जुवे बेटावर उतरले आणि तिथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हिसेरेई स्वतः बेट परत घ्यायला आला, जखमी झाला आणि पळाला. जुने गोवे तिथून इतकं जवळ की शहरात घबराट उडाली. व्हिसेरेईनं सेंट फ्रान्सिस झेव्हियरची शवपेटी उघडून आपला राजदंड तिथे ठेवला, आता तूच राखण कर म्हणून.

ओहोटी हा इथला कळीचा शब्द. मांडवीत समुद्राची भरती खूप आत चढते. त्यामुळे ही बेटं दिवसातून दोनदा मोठी होतात आणि दोनदा लहान. भरतीला खंदक, ओहोटीला चिखल. ज्याला वेळापत्रक कळलं त्याला बेट कळलं. याच भागात खंडो बल्लाळांनी पाण्यात ओढल्या जाणाऱ्या संभाजी महाराजांना वाचवलं अशी मराठी परंपरा आहे, आणि त्या कथेतही बांध फुटून पाणी आत घुसल्याचा उल्लेख येतो. ते पटण्यासारखं आहे, कारण या बेटांवरची सखल शेती बांधांवरच उभी आहे. खाजन म्हणतात तिला. मातीचा बांध, त्यात लाकडी दाराचं 'मानस', भरतीचं खारं पाणी आलं की दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर पडतं. मिठाला तोंड देणारं कोरगुट भात त्यात पिकतं. हे बांध गावकरी संस्था राखायच्या. एक बांध फोडला की शेताची खाडी होते, हे तिथल्या पोरालाही कळतं.

मराठे पुढे का गेले नाहीत याचं उत्तर बेटावर नाही, आपल्याकडे आहे. शहाआलमची मोगल फौज चालून येत होती आणि ती उतरली रामघाटातून. बेळगावहून कोकणात उतरणारा तोच रामघाट. पुढे मोगल, पाठीशी नदी. महाराजांनी माघार घेतली, गोवे वाचलं, आणि पोर्तुगीजांनी श्रेय संताला दिलं.

असंच पाण्याचं वेळापत्रक कावेरीतल्या श्रीरंगपट्टणला दिसतं. १७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस बेटाच्या तोंडाशी पोचला, लढाई जिंकला, पण रसद संपली, पाऊस सुरू झाला, नदी चढली. जड तोफा फोडून त्याला मागे फिरावं लागलं. परतताना त्याला पटवर्धनांची, म्हणजे परशुरामभाऊंची, आणि हरिपंत फडक्यांची फौज भेटली. (आमच्या शेजारचं शहापूर पुढे सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होतं, म्हणून हे नाव इथे घेतलं.) मराठ्यांच्या छावणीतला बाजार म्हणजे उपाशी इंग्रज फौजेला वरदान ठरलं. आठ वर्षांनी इंग्रज पुन्हा आले तेव्हा त्यांनी तीच चूक केली नाही. ४ मे १७९९, भर दुपार, कावेरीत पाणी कमी, पावसाळा अजून दूर. पात्र पायी ओलांडून ते तटबंदीला भिडले. टिपू त्याच दिवशी मारला गेला. महिनाभर उशीर झाला असता तर काय, हा प्रश्न म्हैसूरकर अजून विचारतात.

जगात इतरत्रही हेच. पॅरिस हे सेन नदीतल्या एका बेटावरून सुरू झालं, आणि ८८५ मध्ये नॉर्समन होड्या घेऊन चालून आले तेही त्याच नदीतून. ब्रह्मपुत्रेतल्या माजुलीचं दुखणं वेगळं. शंकरदेवांच्या परंपरेतली वैष्णव सत्रं त्या बेटावर. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपानंतर नदीचं पात्र गाळानं उचललं गेलं आणि काठ खचायला लागले. बेट निम्म्याहून कितीतरी अधिक घटलं. काही सत्रांनी आपली मूर्ती, पोथ्या उचलल्या आणि दुसरीकडे बस्तान हलवलं. सप्तकोटीश्वराला माणसांमुळे नदी ओलांडावी लागली, त्यांना नदीमुळे.

दिवाडीच्या समोरचं जुनं गोवे तर कोणी जिंकलंच नाही, ते रोगानं मेलं. विहिरींचं पाणी बिघडलं, साथी येत राहिल्या, व्हिसेरेई आधी पणेलीला आणि मग पणजीला सरकले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. शेजारच्या चोडणलाही साथींनी माणसं देशोधडीला लावली. कित्येक घराणी आधी धर्मांतराच्या भीतीनं आणि मग रोगराईनं बाहेर पडली. काही घाट चढून वर आली. चोडणकर, नार्वेकर, कुंभारजुवेकर ही आडनावं बेळगावात आपण रोज ऐकतो. आपल्याकडे नार्वेकर गल्लीसुद्धा आहे. आयुष्यभर त्या गल्लीतून सायकल मारली, पण नावात एक गाव दडलंय हे त्या पडवीतल्या काकांनी हात दाखवेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आपल्या जवळच्या नद्यांत कायमची बेटं फार नाहीत. पण पावसाळी बेटं आहेत. वेदगंगा, दूधगंगा चढल्या की जत्राट-भिवशी, कारदगा-भोज, कल्लोळ-यडूर हे पूल पाण्याखाली जातात आणि निपाणी-चिकोडीकडची गावं काही दिवस एकमेकांना परकी होतात. खिद्रापूरला कृष्णेनं तीन बाजूंनी वेढलंय, पुरात चौथी बाजूही जाते. २०१९ ला कोपेश्वराच्या देवळात पाणी शिरलं तेव्हा समोरच्या जुगूळचे लोक आपल्याच घरांची काळजी करत होते. आणि मलप्रभा जिथे कृष्णेला मिळते त्या कुडलसंगमावर बसवण्णांचं ऐक्यस्थळ नारायणपूर धरणाच्या फुगवट्यात आलं, म्हणून त्याच्याभोवती विहिरीसारखी भिंत बांधलीय. पायऱ्या उतरून खाली जायचं, बाहेर चारी बाजूंनी पाणी. कणकुंबीहून निघालेल्या धारेनं शेवटी हे एक बेट तयार केलं, तेही माणसाच्या हातानं.

राहता राहिला पाण्याचा चालू तंटा. म्हादईच्या खोऱ्याचं क्षेत्र २०३२ चौरस किलोमीटर, त्यातलं १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात, ७७ महाराष्ट्रात. लवादानं १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी. त्यात कळसा-भांडुऱ्याचं पाणी मलप्रभेत वळवण्याचा भाग आहे. हुबळी-धारवाडला पिण्याचं पाणी हवं, हे खरं. वरून गोडं पाणी कमी आलं की खारं पाणी आणखी वर चढतं, हेही खरं, आणि त्याचा पहिला फटका खाजनांना. मी कोणाची बाजू घेत नाही. मी खासबागेतला, माझ्या नळाला कुठलं पाणी येतं ते मला माहीत आहे. फक्त दिवाडीच्या बांधावर उभं राहिल्यावर हा वाद वर्तमानपत्रात वाचतो तसा राहत नाही.

मंडळाच्या येत्या सहलीसाठी मी असं सुचवतो. पहिल्या दिवशी हलशी आणि कित्तूरजवळचं देगाव. दुसऱ्या दिवशी पहाटे चोर्ल्यातून साखळी, डिचोली, मग हिंदळ्याचं नार्वे. दारावरचा लेख आधी सगळ्यांनी स्वतः वाचायचा, मी काही बोलणार नाही. नंतर फेरीबोटीनं बेटावरच्या नार्व्याला, तळीवर. भरती-ओहोटीच्या वेळा बघून निघायचं, ओहोटीला काठावरचा चिखल दिसला पाहिजे. निपाणीच्या मावसभावानं आत्ताच नाव दिलंय, आणि येताना मोजपट्टी आणतो म्हणालाय.